ड्रायव्हर नंतर, आधी सात नंबरचे वीस शॉट

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तीन वर्षं गोल्फ खेळताय, स्कोअर शंभराच्या खाली टिकत नाही, हँडिकॅप (कोर्सच्या ठरल्या शॉटांपेक्षा, म्हणजे पारपेक्षा, साधारण किती जास्त लागतात तो आकडा) २६ च्या आसपास आहे. सेट मित्राने वापरून दिलेला, दहा-बारा वर्षं जुना. आठवड्याला अडीच तास मिळतात. दोन महिन्यांनी चौघं मिळून विमानाने जाणार आहात, समुद्रकाठच्या लिंक्स कोर्सवर चार राउंड खेळायला. तर त्याआधी नवा ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब) घ्यावा का, क्लब कसे न्यावेत, आणि एवढ्या दिवसांत खेळ कितपत सुधारेल?

मी या धंद्यात आलो तो ग्रिप बदलायच्या टेबलावरून. मग फिटिंग शिकलो, आणि आता बरीच वर्षं शिकवतो. ड्रायव्हर घेऊ का, हे दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच. त्यावर मी काही बोलत नाही. त्याच्याच बॅगेतलं सात नंबरचं आयर्न काढून हातात देतो आणि वीस बॉल मारायला लावतो.

मागे एक गृहस्थ आले होते, तुमच्यासारखेच शंभरावर अडकलेले. "माझं सात नंबर दीडशे यार्ड जातं," हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, जणू स्वतःची उंची सांगताहेत. मी कागद-पेन घेऊन बाजूला बसलो आणि प्रत्येक शॉटची कॅरी लिहीत गेलो. कॅरी म्हणजे बॉल हवेतून जाऊन पहिल्यांदा टेकतो तिथवरचं अंतर, पुढचं घरंगळणं धरायचं नाही. वीसपैकी तीन शॉट दीडशेच्या आसपास गेले. अकरा शॉट १२५ ते १४० मध्ये पडले. चार वेळा क्लब बॉलच्या आधी जमिनीत घुसला आणि दोन बॉल होझलला (दांडी डोक्यात शिरते त्या मानेला) लागून काटकोनात उजवीकडे पळाले. मधला आकडा निघाला १३२. त्यांनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे मी तीन वर्षं त्या पुढच्या बंकरला उगाच शिव्या घालतोय." खरंच होतं ते. दीडशे यार्डांवरच्या ग्रीनला (होलभोवतीच्या बारीक गवताला) ते दर वेळी सात नंबर काढायचे, आणि त्यांचा नेहमीचा, बऱ्यापैकी लागलेला शॉटसुद्धा वीस यार्ड अलीकडे पडायचा. बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, तिथे असतोच. कोर्स आखणारा माणूस काही भोळा नसतो.

आपण क्लब निवडतो, सामान घेतो, सहलीची स्वप्नं बघतो, ते सगळं त्या तीन शॉटांच्या भरवशावर. खेळतो मात्र उरलेल्या सतरांच्या जिवावर. पुढे जे सांगतोय ते सगळं या सतरांसाठी आहे. हा कागद तुम्ही याच आठवड्यात स्वतः करा. रेंजवरचे बॉल बरेचदा झिजलेले असतात आणि कमी जातात, म्हणून शक्य असेल तर स्वतःचे बॉल घेऊन सरावाच्या मोकळ्या मैदानावर जा आणि पावलं मोजा.

आता सामान. "नाचता येईना अंगण वाकडं" हे गोल्फरला ऐकवायला सगळ्यांनाच आवडतं. पण मी इतकी वर्षं लोकांच्या बॅगा उपसतोय, त्यावरून सांगतो, अंगणही कधीकधी खरंच वाकडं असतं. दुसऱ्याच्या मापाचा सेट असेल तर फारच.

सगळ्यात आधी ग्रिप बघा. दहा वर्षांचं रबर कडक होतं, अंगठ्याच्या जागी चकाकी येते. ग्रिप निसटतेय असं हातांना वाटलं की ते आपोआप घट्ट आवळतात, मनगटं ताठरतात, खांदे वर चढतात, आणि मग आपण स्विंगमध्ये दोष शोधत बसतो. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, कोरड्या फडक्याने पुसा, रात्रभर वाळू द्या. त्यानंतरही हाताला काचेसारखं गुळगुळीत लागलं तर बदलाच. नव्या ड्रायव्हरच्या किमतीच्या लहानशा भागात अख्ख्या सेटच्या ग्रिप बदलून होतात, आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो.

दुसरं, लांबी आणि लाय. लाय म्हणजे क्लब जमिनीवर टेकला की शाफ्ट, म्हणजे दांडी, जमिनीशी जो कोन करते तो. घरच्या घरी तपासायची युक्ती अशी: बॉलवर पुसता येणाऱ्या मार्करने एक जाड रेघ ओढा. बॉल असा ठेवा की रेघ अगदी सरळ उभी आणि क्लबच्या चेहऱ्याकडे तोंड करून येईल. नेहमीसारखा शॉट मारा. रेघेचा ठसा चेहऱ्यावर उमटतो. चेहऱ्यावरच्या आडव्या खाचांशी तो काटकोनात असेल तर लाय ठीक, तिरका असेल तर लाय तुम्हाला जुळत नाही. एका ठशावर जाऊ नका, सात-आठ वेळा करा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्लब गरजेपेक्षा जास्त उभा असेल तर बॉल डावीकडे जायला बघतो, जास्त आडवा असेल तर उजवीकडे. लॉफ्ट (चेहरा मागे कललेला असतो तो कोन) जितका जास्त तितका हा परिणाम मोठा, म्हणून नऊ नंबर आणि वेज (जास्त लॉफ्टचे, जवळच्या अंतराचे क्लब) आधी तपासा. बऱ्याच आयर्नची लाय मशीनवर वाकवून एक-दोन अंशांनी बदलता येते. काम अर्ध्या तासाचं.

तिसरं, लॉफ्टमधली भोकं. क्लबच्या तळाशी लिहिलेल्या नंबराला आता फारसा अर्थ राहिलेला नाही. जुन्या सात नंबरचा लॉफ्ट ३४-३५ अंश असायचा. हल्ली कितीतरी सेटमध्ये तो २८ ते ३० असतो, म्हणजे जुन्या पाच-सहा नंबरचं काम करणाऱ्या क्लबवर सातचा आकडा कोरलेला. दुकानात नवं सात नंबर वीस यार्ड लांब गेलं म्हणून हरखून जाणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. तुमचा सेट दहा-बारा वर्षांपूर्वीचा, तेव्हा हा बदल सुरू झालेला होता, त्यामुळे तुमच्या पिचिंग वेजचा लॉफ्ट मोजूनच घ्या. तो ४५ निघाला आणि पुढचा क्लब ५६ अंशांचा सॅन्ड वेज असेल, तर मध्ये अकरा अंशांचं भोक आहे. ऐंशी-नव्वद यार्डांवर तुम्ही दर वेळी अर्धवट स्विंग करत असाल, ते यामुळे. पैसे खर्च करायचेच असतील तर ५० अंशांचा एक वेज घ्या. मी ड्रायव्हरच्या आधी तोच घेईन.

वेज घेताना बाउन्स विचारा. तळाची मागची कड पुढच्या कडेपेक्षा किती खाली आहे त्याचा हा कोन. बाउन्स जास्त असला की क्लब वाळूत रुतण्याऐवजी तिच्यातून सरकत बाहेर येतो. जीन साराझेन यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला वेजच्या तळाला धातूचा जादा थर देऊन हेच साधलं आणि १९३२ ची ओपन (ब्रिटिश ओपन) स्पर्धा जिंकली. मऊ, खोल वाळूत १२-१४ अंशांचा बाउन्स उपयोगी. लिंक्सवरची जमीन मात्र टणक असते, तिथे तोच क्लब आपटून उसळतो आणि बॉलच्या मध्यावर बसतो. तिकडे आठ-दहा अंशांचा बरा. पण नुसत्या एका सहलीसाठी वेगळा वेज घेऊ नका. ग्रीनच्या बाहेरून तिथे पटरच (बॉल घरंगळवायचा क्लब) वापरायचा आहे, ते पुढे सांगतो.

नियमाने बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात. चौदा असायलाच हवेत असं कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्या बॅगेतलं तीन आणि चार नंबरचं आयर्न आजच घरी काढून ठेवा. वीसपैकी दोनदा लागणारा क्लब वाहून न्यायचा कशाला? त्यांच्या जागी एक हायब्रिड (लांब आयर्नपेक्षा मारायला सोपा क्लब) ठेवा, लॉफ्ट साधारण २२-२४ अंशांचा. दहा-अकरा क्लबांत तुमचा खेळ आरामात होतो, आणि निवड कमी असली की मनही लवकर ठरतं. राउंड सुरू व्हायच्या आधी क्लब मोजायची सवय मात्र ठेवा. २००१ च्या ओपनमध्ये शेवटच्या दिवशी इयान वूस्नम यांनी पहिल्या होलवर बर्डी (पारपेक्षा एक शॉट कमी) केली, आघाडीत बरोबरी साधली, आणि दुसऱ्या होलच्या टीवर, म्हणजे सुरुवातीच्या जागी, कळलं की बॅगेत पंधरा क्लब आहेत. सरावाचा एक ड्रायव्हर तसाच राहून गेला होता. दोन शॉटांचा दंड बसला.

ड्रायव्हरबद्दल आता बोलतो, नाहीतर टाळलं असं म्हणाल. डोक्याचा आकार ४६० घन सेंटिमीटरच्या वर नेता येत नाही, आणि चेहरा किती उसळी देऊ शकतो यालाही नियमाची मर्यादा आहे. बहुतेक कंपन्या त्या मर्यादेला केव्हाच टेकल्यात. नव्या डोक्यात कडेला लागलेला शॉट सांभाळून घ्यायची ताकद जास्त असते, हे खरं. पण स्लाइस, म्हणजे बॉलचं उजवीकडे वळत जाणं, चेहरा उघडा राहतो म्हणून होतो, आणि तो चेहरा तुमच्या हातात आहे. स्विंगच्या वाटेच्या मानाने चेहरा उघडा असेल तर बॉल उजवीकडे वळणार, मग क्लब कालचा असो नाहीतर दहा वर्षांचा. तोवर जुन्याच ड्रायव्हरची ग्रिप इंचभर खाली धरा. बाजारातले बहुतेक ड्रायव्हर ४५ इंचांच्या वर असतात, आणि तेवढ्या लांब काठीने बॉल चेहऱ्याच्या मध्यावर आणणं रोज खेळणाऱ्यालाही जड जातं. इंचभर खाली धरून अंतर फारसं घटत नाही, कारण बॉल मधोमध लागायला लागतो. पुढे कधी घ्यालच, तेव्हा नऊ अंशांचा घेऊ नका. बारा अंशांपर्यंतचा लॉफ्ट बघा. लॉफ्ट जास्त तर बॉलचं बाजूला वळणं कमी.

बॉलसाठी एकच नियम: कुठलाही एक प्रकार ठरवा आणि वर्षभर तोच खेळा. वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नाही आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नाही, ही चौकट सगळ्यांना सारखीच. फरक मुख्यतः कवचाचा. युरेथेनचं मऊ कवच ग्रीनजवळ जास्त फिरकी देतं, आयनोमरचं कडक कवच स्वस्त आणि टिकाऊ. तुमच्या पातळीला कुठलाही चालेल. झुडपात सापडलेले सात जातींचे बॉल आलटून पालटून मारले तर चिप (ग्रीनजवळून मारलेला छोटा शॉट) किती घरंगळेल याचा अंदाज जन्मात येणार नाही.

सरावाकडे येतो. मला खरं तर यावरच लिहायचं होतं.

सगळा खेळ पटिंगवर असं पूर्वापार सांगतात. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक स्पर्धांमधल्या एकेका शॉटच्या नोंदी तपासल्या. वरचे खेळाडू इतरांवर जी मात करतात, तिच्यातला साधारण दोन तृतीयांश वाटा शंभर यार्डांच्या बाहेरून मारलेल्या शॉटांचा निघाला. सर्वांत मोठा वाटा, सुमारे ४० टक्के, ग्रीनकडे मारलेल्या अॅप्रोचचा होता. पटिंगचा १५ टक्क्यांच्या आसपास. माझा अनुभवही हाच. म्हणून तुमच्या वीस तासांतले निम्मे मी आयर्नला देईन, आणि त्यातही एकाच गोष्टीला: क्लब जमिनीला कुठे लागतो.

गवतावर फवारणीच्या चुन्याने किंवा सरावाच्या बंकरात काठीने एक सरळ रेघ ओढा, तुमच्या दोन पायांच्या मध्ये येईल अशी. बॉल ठेवायचा नाही. नऊ नंबर घ्या, रेघेच्या एका टोकाला उभे राहा, अर्धा स्विंग करा आणि जमिनीवर कुठे खूण पडली ते बघा. एक पाऊल पुढे सरका, पुन्हा करा. असं रेघभर चालत जा. खूण रेघेपासून सुरू होऊन लक्ष्याच्या दिशेला गेली पाहिजे. बहुतेकांची ती रेघेच्या चार-पाच बोटं अलीकडेच सुरू होते, कारण वजन मागच्या पायावर राहिलेलं असतं आणि बॉल उचलायचा प्रयत्न चाललेला असतो. बॉल उचलायचं काम लॉफ्टचं आहे, तुम्ही फक्त पुढच्या पायावर या. स्विंग संपल्यावर मागच्या पायाची टाच हवेत आणि पोटाची बक्कल लक्ष्याकडे असेल तर आलात. ज्यांच्या सात नंबरची कॅरी १३२ निघाली होती, त्यांनी सहा आठवडे दुसरं काहीच केलं नाही. दीडशेचे शॉट तीनाचे चार झाले असतील, पण जमिनीत घुसणारे बंद झाले आणि मधला आकडा १३९ वर आला.

शिकवणी एक आत्ता घ्या आणि दुसरी तीन आठवड्यांनी. मध्ये मोबाइलवर स्विंगचे व्हिडिओ बघू नका, हे अगदी हात जोडून सांगतो. रात्री बघितलेला उपाय सकाळी रेंजवर करून बघणारा माणूस मला दुरूनच ओळखू येतो. शॉटआधी क्लब सहा वेळा हलवून बघतो (वॅगल) आणि मग थिजतो.

रेंजवर एकाच क्लबने पन्नास बॉल मारणं म्हणजे स्वतःची समजूत काढणं. दहाव्या बॉलपासून शॉट छान जायला लागतात, कारण हात सरावलेले असतात. कोर्सवर पहिलाच शॉट मोजला जातो. सुरुवातीचे वीस बॉल रेघेच्या सरावासाठी ठेवा आणि पुढचे तीस असे मारा: दर शॉटला क्लब वेगळा, निशाण वेगळं, आणि प्रत्येक वेळी मागे येऊन नव्याने उभं राहायचं. रेंजवर कामगिरी वाईट दिसेल. दिसू द्या.

पटिंगमध्ये स्वतःवर उगाच रागावू नका. जगातले उत्तम व्यावसायिक आठ फुटांवरून निम्मेच पट घालतात. तुमचं नुकसान तिथे होत नाही. तीस-चाळीस फुटांवरून पहिला पट आठ फूट अलीकडे राहतो आणि मग तीन पट होतात, नुकसान तिथे. सरावाच्या ग्रीनवर दहा, पंधरा आणि वीस पावलांवर एकेक टी (बॉल ठेवायची खुंटी) रोवा आणि आळीपाळीने एकेक बॉल मारा. बॉल थांबायच्या आत, मान वर न करता सांगायचं, "अलीकडे", "पलीकडे" किंवा "बरोबर". मग बघायचं. अंदाज बरोबर यायला लागला की अंतरही यायला लागतं. चिपिंगला एकच क्लब पुरे, नऊ नंबर किंवा पिचिंग वेज. बॉल टेकायच्या जागी छोटा रुमाल अंथरा आणि त्यावर बॉल पाडा, होलकडे बघूच नका.

स्कोअर किती उतरेल? स्विंग न सुधारता चार-पाच शॉट उतरू शकतात, कारण तुमच्या शंभरात दंड आणि हट्ट यांचेच सात-आठ शॉट असणार. कार्डावर पट मोजता तसे दंडाचे शॉट वेगळे लिहायला लागा. बॉल हरवला असेल असं वाटलं तर पुढे जायच्या आधीच सोबत्यांना स्पष्ट सांगून प्रोव्हिजनल (तात्पुरता दुसरा बॉल) मारा, आणि शोधायला तीनच मिनिटं मिळतात हे लक्षात ठेवा. २०१९ च्या आधी पाच होती, काहीजण अजून त्यातच आहेत. झाडांत गेलात तर सगळ्यात रुंद फटीतून बाहेर या, मग ती मागच्या बाजूला का असेना. आणि ग्रीनवर झेंडा कुठेही असो, नेम मधोमध धरा. कॅरी कागदावरची घ्यायची, मनातली नाही.

अंगाचंही बघा. गोल्फमध्ये सगळ्यात जास्त दुखते ती कंबर. दहा मिनिटं चालून, खुबे आणि खांदे मोकळे करून मगच पहिला स्विंग. कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर रेंजच्या चटईवरून मारणं आठवडाभर बंद ठेवा. चटईखालचं काँक्रीट तो दणका सरळ हातात पाठवतं.

आता प्रवास. माझा स्वतःचा एक ड्रायव्हर विमानातून उतरला तो मानेत मोडूनच. बॅग मऊ कव्हरात होती, आत काठी नव्हती, आणि सामान कुणीतरी उभंच टाकलं असणार. तक्रार केली. उत्तर आलं की मऊ कव्हरातल्या सामानाची जबाबदारी आमची नाही, आणि तसं तिकिटामागे बारीक अक्षरात छापलेलं होतंही. तेव्हापासून मी असं भरतो. ड्रायव्हरचं डोकं स्क्रूने निघत असेल तर काढायचं, मोज्यात गुंडाळून बुटात ठेवायचं, आणि त्याचा पाना त्याच बॅगेत टाकायचा. सर्वांत लांब क्लबपेक्षा दोन-तीन इंच उंच अशी एक मजबूत काठी क्लबांच्या मधोमध उभी करायची, म्हणजे वरून दणका बसला तर तो काठीवर जातो. आयर्नच्या डोक्यांभोवती टॉवेल कोंबायचे. बॅग बंद करायच्या आधी आतले फोटो काढायचे. बॉलचं वजन लोकांच्या लक्षात येत नाही. एक डझन म्हणजे अर्ध्या किलोहून जास्त. चार डझन नेलेत तर सव्वादोन किलो तिथेच गेले. दोन डझन पुरतात.

लेझर रेंजफाइंडर आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवायच्या, चेक-इन सामानात नाही. त्याच बॅगेत एक जोड बूट, दोन हातमोजे आणि पावसाळी जॅकेट ठेवा. क्लब एक दिवस उशिरा आले तर भाड्याचे मिळतात, आपल्या मापाचे रुळलेले बूट मिळत नाहीत. बुटांच्या तळाची माती निघायच्या आधी घासून काढा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर मातीने माखलेले बूट आणि क्लब विमानतळावर तपासतात. आणि जिथे दोनच राउंड आहेत तिथे क्लब न नेता भाड्याने घेण्यात काही कमीपणा नाही. तुमचे चार आहेत, तेव्हा न्या.

पहिला टी टाइम पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीचा घ्या, त्याच दिवशीचा नको. बऱ्याच लिंक्सवर गाडी मिळत नाही, चालावंच लागतं, आणि अठरा होल म्हणजे आठ ते दहा किलोमीटर होतात. आतापासून आठवड्यातून एक राउंड तरी चालत खेळा. चार दिवसांत चार राउंड ठीक आहेत, तिसऱ्या दिवशी हौसेने दोन घालू नका. कोर्सची पानं आधीच वाचून ठेवा: काही ठिकाणी हँडिकॅपचा पुरावा मागतात, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजचा ओल्ड कोर्स तसा मागतो, शिवाय रविवारी तो एरवी खेळासाठी बंद असतो. २०२० पासून हँडिकॅपची पद्धत जगभर एक झाल्यामुळे तुमचा आकडा तिकडेही चालतो, फक्त कोर्सच्या स्लोपप्रमाणे (तो किती अवघड त्याच्या आकड्याप्रमाणे) बदलतो. सरासरी स्लोप ११३ धरतात. १३५ स्लोपच्या कोर्सवर तुमचे २६ होतात ३१, कोर्स रेटिंग आणि पारमधला फरक त्यात थोडं इकडेतिकडे करेल. हे शॉट तुमच्या हक्काचे आहेत, घ्यायला लाजू नका.

लिंक्सवर वारा असतो आणि जमीन कडक असते, बाकी सगळं या दोन गोष्टींतून येतं. समोरून वारा आला की माणूस जोर लावतो. जोराने फिरकी वाढते, बॉल पतंगासारखा वर चढतो आणि तिथेच पडतो. दोन क्लब जास्त घ्या, ग्रिप खाली धरा, तीन चतुर्थांश स्विंग करा. ग्रीनवर थेट पाडू नका, वीस-तीस यार्ड अलीकडे पाडून घरंगळत जाऊ द्या. ग्रीनच्या बाहेर दहा-पंधरा पावलांवर असाल, गवत बारीक कापलेलं असेल, तर पटर काढा. तुमचा वाईट पट तुमच्या वाईट चिपपेक्षा नेहमीच होलजवळ राहील.

आणि ते उभ्या भिंतींचे खोल बंकर. १९७८ च्या ओपनमध्ये जपानचे त्सुनेयुकी नाकाजिमा ओल्ड कोर्सच्या सतराव्या ग्रीनवर दोन शॉटांत पोचले होते. त्यांचा पट उतारावरून घरंगळत रोड बंकरमध्ये गेला आणि होल संपेपर्यंत नऊ झाले. तुम्ही भिंतीला चिकटलात तर बाजूला किंवा सरळ मागे मारून बाहेर या. तेही जमणार नसेल तर २०१९ पासून एक सोय आहे: अनप्लेएबल (बॉल मारता येत नाही असं) जाहीर करायचं, दोन शॉटांचा दंड घ्यायचा आणि होल व बॉल यांच्या रेषेत मागे जाऊन बंकरच्या बाहेर ड्रॉप करायचा. दोन शॉट ऐकायला महाग वाटतात. आत पाच वेळा घाव घातलेल्याला विचारा.

निघायच्या आधीच्या आठवड्यात नवं काही करू नका. ग्रिप बदलायच्या त्या महिनाभर आधी, बूट नवे घ्यायचे ते आत्ताच. जायच्या दोन-तीन दिवस आधी तेच वीस शॉट पुन्हा मारा, नवा कागद करा आणि त्यावरचे आकडे छोट्या कार्डावर उतरवून बॅगेला बांधा. ड्रायव्हरचं आल्यावर बोलू. येताना दोन्ही कागद घेऊन या.